ब्रेक मारला की पिकअप खालून थरथरते : प्रोपेलर बदलायच्या आधी एवढं बघून घ्या

एका पिकअपवाल्या भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड टनी पिकअप, पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम ब्रेक आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या थप्पीची स्प्रिंग), १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, भाजीपाला घेऊन नाशिकहून वाशी मार्केटला जाते. साधारण ६० च्या स्पीडला ब्रेक दाबला की सीटखालून आणि हौद्यातून थरथर येते, स्टिअरिंग मात्र शांत. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना जास्त, रिकामी परत येताना कमी, चढाला ओढताना नाही. एका मिस्त्रीनं पुढच्या डिस्क टर्न करून (लेथवर सपाट करून) नवे पॅड टाकले, फरक शून्य. आता दुसरा म्हणतोय प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गेअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा लांब दांडा, आख्खा बदला. आणि अगदी शेवटच्या ओळीत भाऊंनी जाता जाता लिहिलंय की दिवाळीनंतर लोड वाढला म्हणून मागं एकेक जादा पाटा टाकून घेतला.

भाऊ, ती शेवटची ओळ तुम्ही पहिली लिहायला पाहिजे होती. ती सोडून बाकी सगळ्यावर पैसे गेलेत.

आता शाफ्ट चांगलाच असेल असं मी इथं बसून सांगू शकत नाही, एवढ्या किलोमीटरला क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) संपलेला असणं काही नवल नाही. पण "ब्रेक मारल्यावर थरथरते, म्हणून प्रोपेलर" हे गणित मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. माझं निम्मं आयुष्य याच गाड्यांखाली गेलंय, आमच्याकडं नारायणगावच्या टोमॅटोच्या गाड्या माळशेज उतरून कल्याणकडं जातात, त्यामुळं घाट, लोड आणि ब्रेक हे त्रिकूट रोजचंच आहे.

तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा गाडीत एकच गोष्ट होत नाही, चार होतात. पाय ॲक्सिलेटरवरून उठतो, म्हणजे इतका वेळ ओढणारं इंजिन उलट मागं धरायला लागतं आणि क्राऊन पिनियनचे (शाफ्टची ताकद मागच्या चाकांकडं वळवणाऱ्या गिअरचे) दाते दुसऱ्या बाजूला टेकतात. वजन पुढं झुकतं, मागचा भाग उचलला जातो आणि शाफ्टचा कोन बदलतो. ड्रममध्ये लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, आतून धरतात. आणि चौथी गोष्ट, जी बरेच जण विसरतात, ती अशी की लायनर ज्या प्लेटवर बसलेत ती प्लेट हाऊसिंगलाच (मागच्या ॲक्सलच्या जाड कवचाला) बोल्टनं पकडलेली आहे, त्यामुळं लायनरनं ड्रम धरला की चाकाबरोबर आख्खं हाऊसिंग फिरायला बघतं, पिनियनचं तोंड खाली जातं, आणि त्याला थोपवून धरायला तिथं दुसरं काही नसतं, फक्त पाटे आणि हाऊसिंगला पाट्यांशी आवळून धरणारे यू बोल्ट. ॲक्सिलेटर दिल्यावर हेच उलटं होतं, पिनियनचं तोंड वर जातं. म्हणजे थरथर चारपैकी कुठल्याही कारणानं येऊ शकते, आणि वेगळं कारण म्हणजे वेगळा पार्ट, वेगळा खर्च.

तर पहिलं काम पाना घ्यायचं नाही, कंप ओळखायचं. यासाठी थोडं गणित लागतं पण सोपं आहे. तुमच्या गाडीला बहुतेक २१५/७५ आर १५ टायर असणार, त्याचा घेर साधारण २.२ मीटर. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. डिफरेन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ४ च्या आसपास धरा, म्हणजे प्रोपेलर त्याच वेळी सेकंदाला ३० वेळा फिरतोय. आणि क्रॉस खराब असेल किंवा कोन चुकला असेल तर तो एका फेरीत दोनदा धक्का देतो, म्हणजे सेकंदाला ६०. आता हे शरीराला कसं कळतं बघा. सेकंदाला सात-आठ म्हणजे थडथडथड, हौदा हलतो, मागचे क्रेट खडखडतात. तीस म्हणजे गुणगुण, पायाखालचा पत्रा झिणझिणतो, आरशातलं चित्र पुसट होतं. साठ म्हणजे जवळजवळ आवाजच, घूं असा. या तिन्ही गोष्टींना लोक "व्हायब्रेशन" हा एकच शब्द वापरतात आणि तिथंच घोळ होतो.

याहून खात्रीचं म्हणजे गाडी थांबत जाताना काय होतं ते ऐका. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून ब्रेक हलका, एकसारखा दाबून धरा, गाडी अगदी थांबेपर्यंत. ड्रम किंवा डिस्कचा दोष असेल तर थडथड स्पीडबरोबर संथ होत जाते पण जात नाही, २० च्या स्पीडला चाक सेकंदाला अडीच वेळा फिरतं, तेव्हा ते झटके तुम्हाला मोजता येतात, थप… थप… थप, अगदी शेवटपर्यंत. प्रोपेलरचा बॅलन्स गेला असेल तर मात्र उलट होतं, स्पीड निम्मा झाला की त्याचा जोर पावपट उरतो, ३०-३५ च्या खाली तो कंप गायबच होतो. मोजायचं जमत नसेल तर फोनवर कंप मोजायची फुकटची ॲप मिळतात, फायफॉक्स नावाचं एक आहे, शेजारच्यानं फोन सीटच्या पत्र्याला घट्ट धरायचा, त्यात सेकंदाला किती कंप होतायत त्याचा आलेख दिसतो. शेजारच्यानं म्हणतोय, तुम्ही गाडी चालवा.

आता रस्त्यावरच्या चाचण्या. सकाळी लवकर, कोरडा सरळ रस्ता, मागं कोणी नाही, गाडी रिकामी, हे सगळं असेल तरच. एकदा ६० ला ॲक्सिलेटर सोडा, ब्रेकला हात नाही म्हणजे पाय नाही, क्लच नाही, टॉप गेअरमध्ये गाडी नुसती इंजिनावर मंदावू द्या. इथंच थरथर आली तर ब्रेकचा संबंधच नाही, मग पिनियन बेअरिंग, क्रॉस, फ्लँजचे (शाफ्ट जिथं जोडतात त्या चकतीचे) बोल्ट, इंजिन किंवा गेअरबॉक्सचं माऊंटिंग या बाजूला बघायचं. दुसऱ्यांदा तेच, पण क्लच दाबून आणि ब्रेक न लावता. लक्षात ठेवा, क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, प्रोपेलर फिरतच असतो, त्यामुळं "क्लच दाबला तरी थरथरते म्हणजे प्रोपेलर चांगला" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. क्लच दाबून थरथर गेली तर ती इंजिनकडून किंवा पिनियनवरच्या उलट्या ताणातून येत होती. तिसऱ्यांदा क्लच दाबून ब्रेक. इथं आली आणि आधीच्या दोन्हीत नव्हती, तर ब्रेक किंवा हाऊसिंगचं पिळणं, दुसरं काही नाही. आणि एक फालतू वाटणारं पण रोज दिसणारं कारण, बरेच ड्रायव्हर टॉप गेअरमध्येच ब्रेक मारत २५-३० पर्यंत येतात आणि क्लच दाबत नाहीत, मग इंजिनच गुदमरून हादरे देतं. त्याला पार्ट लागत नाही, सवय बदलावी लागते.

चौथी चाचणी हँडब्रेकची. ३०-४० च्या स्पीडला, फूटब्रेकला न शिवता, हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबूनच ठेवायचं म्हणजे तो लॉक होणार नाही, आणि दोरी ओढल्यासारखा हळूहळू ओढायचा, हिसका नाही. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळं तीच थडथड आली तर दोष मागं आहे हे पक्कं, नाही आली तर पुढं बघायचं. यात एक अट, काही मालगाड्यांना हँडब्रेक गेअरबॉक्सच्या मागं प्रोपेलरवरच असतो, तशी रचना असेल तर ही चाचणी करूच नका, चुकीचं उत्तर मिळेल आणि शाफ्टला झटकाही बसेल. ओल्या रस्त्यावर तर अजिबात नको, रिकाम्या पिकअपची मागची चाकं पटकन लॉक होतात आणि गाडी फिरते.

तुमच्या बाबतीत मला आत्ताच काय दिसतंय ते सांगतो. स्टिअरिंग शांत आहे, म्हणजे पुढच्या डिस्कवर संशय मुळातच कमी होता, पुढची डिस्क लागली की स्टिअरिंग हातात डावं-उजवं थरथरतं आणि पॅडल पायाला धडधडतं. दुसरं म्हणजे भरलेली असताना जास्त. आता विचार करा, शाफ्टच्या कोनाचा प्रॉब्लेम असता तर रिकामी असताना जास्त जाणवला असता, कारण जादा पाटा टाकून मागचा भाग उचललाय, रिकाम्या गाडीत तो आणखी वर असतो, शाफ्टचा उतार तेव्हाच सगळ्यात जास्त. आणि तो कंप फक्त ब्रेकला नाही, चढाला ओढतानाही आला असता. तो येत नाही असं तुम्हीच म्हणताय. भरलेल्या गाडीला ब्रेक जास्त दाबावा लागतो, ड्रम जास्त तापतो, हाऊसिंगवर पिळण्याचा जोर जास्त. म्हणून माझा पहिला संशय मागचे ड्रम आणि दुसरा, त्याच्या अगदी बरोबरीनं, यू बोल्ट. प्रोपेलर तिसरा.

ड्रमचं आधी. ड्रम "वाकत" नाही, अंडाकार होतो, आपण ओव्हल झाला म्हणतो. घाटात तापतो, खाली आल्यावर चहाला थांबताना हँडब्रेक खच्चून ओढलेला असतो, लायनर दोन बाजूंनी दाबून धरतात आणि ड्रम तसाच थंड होतो. किंवा तापलेल्या ड्रमवर वॉशिंग सेंटरवाला प्रेशरनं गार पाणी मारतो. बघायला महागडं हत्यार लागत नाही. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, गेअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग ॲडजस्टरनं लायनर एवढेच बाहेर काढा की ते ड्रमला जेमतेम घासतील, आणि चाक हातानं हळूहळू फिरवा. गोल ड्रम सगळीकडं सारखा घासतो, सूं असा एकसारखा आवाज. ओव्हल ड्रम एका फेरीत दोन जागी अडकतो आणि मधे मोकळा सुटतो. एकाच जागी अडकत असेल तर ड्रम हबवर वाकडा बसलाय, मधे गंज किंवा मातीची पापडी आहे, तेवढं तारेच्या ब्रशनं साफ करून परत बसवून बघा, कितीतरी वेळा तेवढ्यावरच भागतं. बाजू खडूनं खूण करून ठेवा म्हणजे परत बसवताना कळेल. मग दुसरं चाक.

ड्रम काढलाच तर आतून नीट बघा. निळसर डाग म्हणजे त्या जागा तापून कडक झाल्यात, लेथवर टर्न केला तरी तिथं टूल उडी मारतं आणि थोड्या दिवसांत तिथंच परत उंचवटा येतो, असा ड्रम मी टर्न करत नाही, बदला म्हणतो. साधा ओव्हल असेल तर टर्निंग करा पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो तो बघून, त्याच्या पुढं एक कट सुद्धा नाही, आणि दोन्ही बाजूचे ड्रम साधारण एका मापाचे ठेवा. लायनर तेलानं ओले असतील तर ते धुऊन परत लावू नका, तेल आत मुरलेलं असतं, तापलं की परत बाहेर येतं आणि लायनर झटके देत धरतो, त्याची थरथर हुबेहूब ओव्हल ड्रमसारखीच लागते. आणि ॲक्सलचा ऑइल सील बदलायच्या आधी हाऊसिंगच्या वरचा ब्रीदर बघा, ती बोटाएवढी टोपी चिखलानं बुजली की आतली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, मग नवा सील पण महिन्याभरात गळतो आणि मिस्त्री सीलच्या कंपनीला शिव्या देतो. लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

आता यू बोल्ट, म्हणजे तुमची शेवटची ओळ. जादा पाटा टाकला की थप्पीची जाडी वाढते. मग एकतर लांब यू बोल्ट नवे टाकायला पाहिजेत, नाहीतर जुनेच ओढून ताणून दोन आटे धरून बसवतात. जुना यू बोल्ट एकदा ताणला गेला की परत त्याच ताणाला बसत नाही, नट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण आतली पकड गेलेली असते. शिवाय नवे पाटे बसतात, त्यांच्यामधला रंग, गंज दाबला जातो, त्यामुळं काम केल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर लोड असताना परत नट ओढावेच लागतात, आणि ते नव्वद टक्के लोक विसरतात, गाडी धंद्याला लागलेली असते. पकड ढिली झाली की ब्रेक दाबल्यावर हाऊसिंग पाट्यांवर पुढं पिळतं, पाटे एसच्या आकारात वाकतात, मग ताण सहन होईना की झटक्यानं मागं येतं, परत पिळतं, परत येतं. ती थरथर बाहेरून अगदी ब्रेकची वाटते आणि पिनियनचं तोंड खाली-वर होत असल्यामुळं क्रॉसवर पण जोर येतो, म्हणून कोणी खाली वाकून बघितलं की त्याला प्रोपेलर नाचताना दिसतो आणि तो म्हणतो प्रोपेलर गेलाय.

हे पकडायची माझी आवडती पद्धत एकदम स्वस्त आहे. तारेच्या ब्रशनं पाट्यांची थप्पी, खालची प्लेट आणि हाऊसिंगवरचा पाट्याचा पाया साफ करा आणि पांढऱ्या रंगाच्या पेननं तिन्हीवरून एक सरळ उभी रेघ मारा, दोन्ही बाजूंना. भरलेली गाडी घेऊन एक फेरी करा, घाटासकट. परत आल्यावर रेघ बघा. रेघ तुटून अर्ध्या मिलिमीटरनं जरी सरकलेली असेल तर उत्तर मिळालं. रेघ न मारताही काही खुणा दिसतात : पायाच्या कडेला चकचकीत घासलेली पट्टी, त्यातून निघालेली लालसर तांबूस भुकटी, किंवा पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं आपल्या खळग्यातून एका बाजूला गेलेलं. सेंटर बोल्ट तुटला असेल तर हाऊसिंग एका बाजूनं मागं सरकतं आणि गाडी तिरकी चालते, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपनं दोन्ही बाजू मोजा, फरक दिसला तर गाडी तिथंच थांबवा, वाशीला जाऊन आल्यावर बघू असलं काही नको.

पाटेवाल्याला आणखी एक गोष्ट विचारा. काही गाड्यांत पाटा आणि हाऊसिंगच्या पायामधे उतरती पाचर असते, पिनियनचा कोन राखायला. पाटे खोलले की ती पाचर कधी बाजूला पडून राहते, कधी उलटी बसते. तसं असेल तर कोन खरंच चुकलाय. मोजायला फोनमधलं लेव्हलचं ॲप चालतं. सपाट जमिनीवर, गाडी चाकांवर उभी, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली, गेअरबॉक्सच्या फ्लँजचा, शाफ्टचा आणि पिनियनच्या फ्लँजचा उतार लिहून घ्या. साधा नियम असा की शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांच्या एका अंशाच्या आत सारखे पाहिजेत, आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या खाली असेल तर उत्तम. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसची सुईबेअरिंगं फिरतच नाहीत आणि एका जागी खड्डे पाडतात. तुमची लांब व्हीलबेसची गाडी असेल, दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग, तर पुढचा तुकडा गेअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत असतो आणि मागच्या तुकड्याच्या दोन क्रॉसचे कोन जुळवायचे असतात.

पाटे वाढवले की आणखी एका गोष्टीकडं कोणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे लोडनुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपना चेसिसवर तो असतो आणि त्याची दांडी हाऊसिंगला जोडलेली असते. गाडी लोडनं खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, मागं जास्त प्रेशर सोड. तुम्ही पाटा वाढवला, गाडी आता पहिल्याइतकी बसतच नाही, म्हणजे टनभर माल असूनही व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग मागं प्रेशर कमी, सगळा भार पुढच्या डिस्कवर, घाटात पुढचे पॅड जळाल्याचा वास. तुमच्या पुढच्या डिस्क टर्न करायची आणि पॅड बदलायची वेळ आली त्यामागं हे असू शकतं. मॅन्युअलमध्ये त्या दांडीचं माप दिलेलं असतं, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सेट करून घ्या, अंदाजानं वाकवू नका. काही ड्रायव्हर तारेनं ती दांडी वर बांधून टाकतात, ते तर करूच नका, रिकाम्या गाडीला पावसात मागची चाकं सरकतात.

आणि आता प्रोपेलर. तो नीट बघितल्याशिवाय मी सुद्धा गाडी सोडत नाही, फक्त बदलायच्या आधी बघतो एवढंच. मागची चाकं स्टँडवर असतानाच शाफ्ट एका हातानं आणि फ्लँज दुसऱ्या हातानं धरून उलटसुलट पिळा, वर-खाली ढकला, क्रॉसच्या कपात जराही टकटक जाणवता कामा नये. कपाच्या कडेला लाल भुकटी असेल तर आत ग्रीस संपून गंज चाललाय, तो क्रॉस गेला, हाताला खेळ लागो न लागो. कधी खेळ नसतोच, उलट शाफ्ट उतरवल्यावर क्रॉस एका दिशेला अडखळत वळतो, तो पण गेला. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का ते टॉमीनं हलकं उचलून बघा. शाफ्टवर चिखल वाळून बसलाय का, बॅलन्सची छोटी पत्र्याची पट्टी उडालीय का, तिथं वेल्डिंगची पुसट खूण दिसते. आणि मधली स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) कोणी ग्रीसिंगला काढून परत घातली असेल तर दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत आहेत का बघा, बाणाच्या खुणा असतात, एक दात जरी चुकला तरी दोन्ही क्रॉसचे धक्के एकमेकांना पुरते मारत नाहीत. यातलं बहुतेक क्रॉस, रबर आणि एका बॅलन्सिंगमध्ये भागतं. आख्खा शाफ्ट तेव्हाच, जेव्हा नळीला पोचा आलाय किंवा स्प्लाइन खडखडतेय.

थांबता थांबता शेवटी एकच "खट्ट" होत असेल तर ती थरथर नाही, ती कोरडी स्प्लाइन आहे, वजन पुढं जातं आणि अडकलेली स्प्लाइन एकदम सुटते. ग्रीस मारा. गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि वाळूवर किंवा ओल्यावर पॅडलला थरथर लागली तर ते त्याचं कामच आहे, पण कोरड्या रस्त्यावर थांबता थांबता रोज तसं होत असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची दात्यांची रिंग तपासा.

पुढच्या बाजूचं थोडक्यात, कारण डिस्क टर्न झाल्यात म्हणून तिकडं सगळं ठीक आहे असं नाही. डिस्क टर्न करताना हबचा गंज साफ केला नसेल तर नवी कोरी सपाट डिस्क पण वाकडी बसते, डायल गेजवर साधारण ०.१ मिलिमीटरच्या वर हेलकावा दिसला की काही हजार किलोमीटरमध्ये जाडी असमान होऊन परत धडधड सुरू. चाकाचे नट एअर गननं एका बाजूनं ओढत जाऊ नका, समोरासमोरचे आलटून पालटून, शेवटी हातानं टॉर्क पान्यानं. व्हील बेअरिंगचा खेळ चाक वर-खाली धरून, टाय रॉडचा डावं-उजवं धरून.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज आधी तिसरी आणि चौथी चाचणी आणि २० च्या स्पीडला झटके मोजणं, याला पैसा लागत नाही. मग रंगाची रेघ मारून भरलेली एक फेरी. रेघ सरकली तर नवे, योग्य लांबीचे यू बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पाचर तपासून, दोन्ही बाजूंना, आणि व्हॉल्व्हची दांडी त्याच दिवशी. रेघ जागेवर असेल आणि हँडब्रेकला थडथड येत असेल तर ड्रम लेथवाल्याकडं. दोन्हीत काही नाही आणि कंप गुणगुणीचा असेल, तर मग शाफ्ट उतरवा, आणि उतरवताना चारही फ्लँजवर खूण करून. यादरम्यान पॅडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकातून वास येत असेल तर घाटात माल घेऊन जाऊ नका, त्या दिवशी भाड्याची गाडी लावा. आणि ड्रमचं काम झाल्यावर खाली उतरलात की पहिला अर्धा तास हँडब्रेक न ओढता गाडी सपाट जागी गेअरमध्ये आणि चाकाला दगड लावून उभी करा, नाहीतर नवा टर्न केलेला ड्रम पहिल्याच फेरीला परत ओव्हल करून आणाल.